एर्जेचे कागद

पॅरिसमधल्या आर्तक्युरिआल या लिलावगृहात १४ जानेवारी २०२१ रोजी एक कागद विकला गेला. लांबी-रुंदी सुमारे चौतीस-चौतीस सेंटिमीटर, म्हणजे आपल्या दीड वितेएवढी. अंगावर घड्यांच्या खुणा. चित्र म्हणाल तर चिनी मातीच्या मोठ्या भांड्यात लपलेला एक मुलगा आणि त्याचा पांढरा कुत्रा. शेजारी अक्राळविक्राळ ड्रॅगन. हातोडा पडला, लिलावगृहाचे शुल्क मिळवले गेले आणि कागदाची किंमत झाली सुमारे ३२ लाख युरो. त्या वेळच्या दराने अठ्ठावीस कोटी रुपयांच्या घरात. टिनटिनच्या कोणत्याही चित्राला तोवर एवढी किंमत आलेली नव्हती.

गंमत अशी की, ज्या पुस्तकासाठी हे चित्र काढले त्या पुस्तकावर ते कधी आलेच नाही. साल होते १९३६. इतक्या रंगांचे मुखपृष्ठ छापायला महाग पडेल म्हणून प्रकाशकाने ते बाजूला ठेवले आणि चित्रकाराने दुसरे, सोपे मुखपृष्ठ काढून दिले. नाकारलेले चित्र पुढे चित्रकाराने प्रकाशकाच्या सात वर्षांच्या मुलाला भेट दिले, मुलाने ते घडी करून खणात ठेवले आणि ते तिथेच राहिले, अशी विकणाऱ्या कुटुंबाची हकिकत. लिलावाच्या वेळी काही जाणकारांनी आणि टिनटिनचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीने या हकिकतीवर शंका घेतली. भेट कसली, छपाईसाठी पाठवलेला कागद परत करायचा राहून गेला असेल, असा त्यांचा रोख होता. चित्रकाराला विचारावे, तर तो १९८३ सालीच गेलेला.

उभी हयात बँकेत काढलेल्या माणसाला अशा बातमीत आकड्याआधी दुसऱ्याच गोष्टी दिसतात. कागद कोणाचा? त्याच्याकडे आला कसा? मधल्या पंचाऐंशी वर्षांत त्यावर कोणाकोणाचा हक्क होता? कर्जाच्या प्रत्येक फाइलमध्ये आम्ही अस्सल दस्त मागत असू आणि नक्कल कितीही सुबक असली तरी तिच्यावर पैसा सुटत नसे. कॉमिक्सची गोष्ट मात्र उलटी. तिथे लाखो लोक नकलेवरच प्रेम करतात. अस्सल कागद छापखान्यातून परत आला की त्याचे काम संपलेले असते. ते संपलेले काम कोट्यवधींचे कसे झाले, हे समजून घ्यायचे तर ते काढणाऱ्या माणसाच्या आयुष्यात डोकवावे लागते.

त्याचे खरे नाव जॉर्ज रेमी. जन्म २२ मे १९०७, बेल्जियमची राजधानी ब्रुसेल्सच्या एतरबेक या उपनगरात. घर मध्यमवर्गीय, कॅथलिक, बेताच्या मिळकतीचे. वडील आणि काका जुळे भाऊ होते, हे टिनटिनच्या वाचकांना सांगितले की थॉमसन आणि थॉम्पसन ही गोल हॅटवाली जोडगोळी त्यांना आठवल्यावाचून राहत नाही. पहिल्या महायुद्धात ब्रुसेल्स जर्मनांच्या ताब्यात असताना हा मुलगा शाळेच्या वह्यांच्या समासात जर्मनांची खोडी काढणाऱ्या पोराची चित्रे काढी. त्या वह्या गेल्या. कोणी जपल्या नाहीत. जपाव्यात असे कोणाला वाटण्याचे कारणही नव्हते.

पुढे तो बालवीर झाला आणि बालवीरांच्या मासिकात चित्रे काढू लागला. नावाची आद्याक्षरे उलटी केली की फ्रेंच उच्चारात एर-जे होते. १९२४ च्या अखेरीपासून तीच त्याची सही झाली. चित्रकलेचे शिक्षण म्हणावे तर एका कलाशाळेत संध्याकाळच्या वर्गाला तो एकदा जाऊन बसला आणि कंटाळून पुन्हा फिरकला नाही. १९२५ मध्ये ‘ल व्हँतिएम सिएक्ल’ म्हणजे ‘विसावे शतक’ या कॅथलिक दैनिकात त्याला नोकरी लागली ती चित्रकाराची नव्हेच. वर्गणीदारांच्या विभागात कारकुनाची. नावे, पत्ते, नोंदी. ज्याने हे काम केले आहे त्यालाच त्यातला कंटाळा ठाऊक. लष्करी सेवा आटोपून तो परतला तेव्हा संपादक नॉर्बेर वालेझ या धर्मगुरूने त्याच्यातला चित्रकार हेरला आणि १९२८ च्या नोव्हेंबरात सुरू झालेली मुलांची साप्ताहिक पुरवणी त्याच्याकडे सोपवली.

१० जानेवारी १९२९ च्या पुरवणीत टिनटिन नावाचा छोटा बातमीदार आपल्या कुत्र्यासह सोव्हिएत रशियाला निघाला. ही कथा म्हणजे वालेझच्या कम्युनिस्टद्वेषाचा प्रचार होता आणि हा वालेझ मुसोलिनीचा चाहता होता. पण मुलांना राजकारणाशी काय घेणे? अंक हातोहात खपू लागले. १९३० मध्ये गोष्ट संपली तेव्हा टिनटिनच्या वेशातला एक मुलगा ब्रुसेल्सच्या स्थानकावर खराखुरा उतरवण्यात आला आणि त्याला बघायला गर्दी लोटली. पुस्तक निघाले. त्याच्या पहिल्या पाचशे क्रमांकित प्रतींवर टिनटिनची सही एर्जेने केली आणि कुत्र्याची जेरमेन किकन्सने. जेरमेन ही वालेझची सचिव. १९३२ मध्ये ती एर्जेची पत्नी झाली. ज्या प्रती तेव्हा मुलांच्या हातांत फाटत होत्या, त्यांतली एखादी आज घरात निघाली तर घरमालकाचे नशीब उघडते.

दुसरी कथा काँगोची. काँगो तेव्हा बेल्जियमची वसाहत होती आणि एर्जेने तिथल्या माणसांना जसे रंगवले ते आज पाहवत नाही. जाड ओठांची, बालबुद्धीची, गोऱ्या पोरापुढे हात जोडणारी माणसे. त्याने तो देश पाहिलेला नव्हता आणि पाहण्याची गरजही त्याला वाटली नव्हती. भोवतालचा समाज जे मानत होता ते त्याने सुबक रेषेत उतरवून दिले.

ही सवय मोडली ती एका परदेशी विद्यार्थ्याने. १९३४ मध्ये टिनटिन चीनला जाणार असे जाहीर झाले, तेव्हा चिनी विद्यार्थ्यांच्या धर्मगुरूने एर्जेला सावध केले आणि चांग चोंग-जेन या तरुणाशी त्याची गाठ घालून दिली. चांग त्याच्याच वयाचा, ब्रुसेल्सच्या कला अकादमीत शिल्पकला शिकणारा. दोघे नियमित भेटू लागले. चांगने त्याला चिनी कुंचला धरायला शिकवला, झाड आणि पाणी पाहायला शिकवले आणि १९३१ मध्ये जपानने रेल्वेमार्गावरच्या स्फोटाचे निमित्त करून मांचुरिया कसा गिळला तेही सांगितले. ‘ब्लू लोटस’ या कथेतल्या भिंतींवरच्या चिनी पाट्या चांगने स्वतः लिहिल्या. जपानी साम्राज्यवादाविरुद्धच्या घोषणा त्यांत आहेत. युरोपी वाचकाला त्यातले अक्षर कळत नव्हते. म्हणजे त्या कथेचे मूळ कागद दोन हातांचे आहेत. १९३५ मध्ये चांग मायदेशी परतला आणि पुढच्या युद्धांत त्याचा पत्ता हरवला. सुरुवातीला ज्याचा उल्लेख केला तो घड्या पडलेला कागद याच पुस्तकाचा.

१९४० मध्ये बेल्जियम पुन्हा जर्मनांच्या टाचेखाली आले. एर्जेचे दैनिक बंद पडले. त्याने ‘ल स्वार’ या मोठ्या दैनिकात टिनटिन सुरू केला. हे दैनिक जर्मनांनी ताब्यात घेतलेले होते आणि तिथे काम करणे म्हणजे काय, हे त्याच्या अनेक देशबांधवांना पुरते कळत होते. खप लाखांचा, वाचक पूर्वीच्या कितीतरी पट. कॅप्टन हॅडॉक जन्मला तो या काळात. आणि याच काळातल्या ‘शूटिंग स्टार’ या कथेत खलनायक म्हणून आला न्यूयॉर्कचा एक ज्यू सावकार, नाक-डोळे थेट नाझी प्रचारचित्रांतले. तेव्हा बेल्जियममधल्या ज्यूंवर निर्बंध आवळले जात होते आणि १९४२ च्या उन्हाळ्यात त्यांना छळछावण्यांकडे पाठवायला सुरुवात झाली. १९४४ च्या सप्टेंबरात ब्रुसेल्स मुक्त झाले. एर्जेला चार वेळा अटक झाली, एक रात्र कोठडीत काढावी लागली, वृत्तपत्रांत काम करायला बंदी आली. खटला अखेर उभा राहिला नाही. रेमों लब्लां या प्रतिकार चळवळीतल्या माणसाने त्याच्या पाठीशी उभे राहून २६ सप्टेंबर १९४६ रोजी ‘टिनटिन’ साप्ताहिक काढले आणि तो पुन्हा सुरू झाला.

यानंतर जे घडले ते मूळ कागदांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. जुनी पुस्तके रंगीत आणि बासष्ट पानांची करायची म्हणून त्याने ती पुन्हा काढली आणि काढता काढता पुसली. काँगोतल्या शाळेत टिनटिन मुलांना बेल्जियम हा तुमचा देश म्हणून शिकवत होता. १९४६ च्या आवृत्तीत तो बेरीज शिकवू लागला. ज्यू सावकाराचे नाव बदलले आणि अमेरिकेच्या जागी एक काल्पनिक देश आला. पुस्तकात दुरुस्ती करता येते. पुढची आवृत्ती निघाली की मागची विस्मृतीत जाते. मूळ कागद मात्र काढला त्या दिवशी जसा होता तसाच राहतो. त्यावर खाडाखोड असते, पांढरा रंग लावून झाकलेली चूक असते, आणि माणसाने ज्यावर पडदा टाकला तेही असते. आम्ही बँकेत अस्सल दस्त का मागत असू, त्याचे याहून चांगले उत्तर मला सापडलेले नाही.

१९५० मध्ये एर्जेने स्वतःचा स्टुडिओ काढला. चंद्रावर जाण्याची कथा चालली होती. रॉकेट, नियंत्रण कक्ष, चंद्राची विवरे हे सगळे एकट्याने काढणे अशक्य झाले होते. बॉब द मूर, जाक मार्तँ असे हाताखाली आले. पान तयार होण्याची पद्धत ठरून गेली. आधी पेन्सिलचा कागद. त्यावर एर्जे एकेका आकृतीसाठी पाच-पाच, दहा-दहा रेषा अशा रागाने ओढी की कागद फाटतो की काय असे वाटावे. त्यांतली नेमकी रेष निवडून दुसऱ्या स्वच्छ कागदावर उतरवायची आणि काळ्या शाईने पक्की करायची. माणसे बहुधा एर्जेची. मोटारी, इमारती, यंत्रे सहकाऱ्यांची. रंग तर या कागदाला शिवतही नसे. चित्राचे फिक्या निळ्या रेषांत प्रूफ छापून घेत आणि त्यावर रंग देत. म्हणून त्या काळातला अस्सल कागद पाहणारा नवखा माणूस निराश होतो. त्याने लहानपणी पाहिलेले लाल रॉकेट तिथे काळ्या-पांढऱ्यात उभे असते. याच चंद्रकथेचे एक पान २०१६ मध्ये पॅरिसला साडेपंधरा लाख युरोंना गेले.

यश दारात हात जोडून उभे असताना माणूस आतून मोडत होता. स्टुडिओत रंगकाम करणाऱ्या फॅनी व्लामिंक या तरुणीवर त्याचे प्रेम जडले. जेरमेनला सोडणे त्याच्या कॅथलिक मनाला झेपेना. रात्री त्याला पांढरीशुभ्र स्वप्ने पडत आणि तो घाबरून उठे. झुरिकच्या एका मनोविश्लेषकाने काम थांबवा असा सल्ला दिला. एर्जेने तो मानला नाही आणि १९५८-५९ मध्ये ‘टिनटिन इन तिबेट’ काढले. त्यात खलनायक नाही, पिस्तूल नाही. आहे तो फक्त बर्फ आणि विमान अपघातात हरवलेल्या चांग नावाच्या मित्राचा शोध. या वाटेवर टिनटिन आणि हॅडॉक दिल्लीत थांबतात, कुतुबमिनार आणि लाल किल्ला पाहतात, आणि रस्त्यात बसलेल्या गायीपुढे कॅप्टनची त्रेधा उडते. आपल्या देशातले कितीतरी वाचक याच पानांवर टिनटिनला पहिल्यांदा आपला मानू लागले. पुस्तक आले त्याच सुमारास त्याने घर सोडले. घटस्फोट आणि फॅनीशी लग्न व्हायला १९७७ उजाडले.

याच काळात एर्जेच्या हातून कॉमिक्स कमी झाले आणि दुसरे एक वेड शिरले. ते म्हणजे चित्रे विकत घेण्याचे. स्टुडिओजवळच्या एका गॅलरीत तो रोज दुपारी जाऊन बसे, चित्रकारांशी आणि संग्राहकांशी गप्पा मारी. फोन्ताना, पोलियाकॉफ, लिख्टेनस्टाइन यांची चित्रे त्याच्या भिंतींवर आली. लिख्टेनस्टाइनचे नाव कॉमिक्समधली चौकट मोठी करून कॅनव्हासवर काढण्याने झाले होते. तिकडे चौकटीचे चित्र झाले की गॅलरीत लागत होते. इकडे चौकटी जन्मभर काढणारा माणूस ते चित्र पैसे मोजून घेत होता. १९७७ मध्ये अँडी वॉरहोलने त्याची व्यक्तिचित्रे काढली. साठीच्या दशकात त्याने स्वतःही एका चित्रकाराकडे शिकवणी लावून अमूर्त चित्रे काढली. तीसहून जास्त कॅनव्हास झाले, आणि आपण यात सामान्यच राहणार हे ओळखून त्याने कुंचला खाली ठेवला. ही ओळख फार थोड्यांना होते.

दुसऱ्यांच्या अस्सल चित्रांसाठी असा जीव टाकणारा हा माणूस स्वतःच्या चित्रांबद्दल मात्र उदार होता. त्याच्या लेखी काम पुरे व्हायचे ते पुस्तक छापून मुलाच्या हातात पडल्यावर. कागद बरेचसे स्टुडिओत राहिले हे खरे. पण काही मित्रांना गेले, काही परिचितांना, काही छपाईच्या वाटेवर इकडे-तिकडे झाले. देताना कोणी पावती लिहीत नाही. घेणाऱ्याने मागितली तर ते अशिष्ट दिसते. तेव्हा बाजारही नव्हता. एर्जे गेल्यावर लिलावांचे आकडे छापून येऊ लागले आणि भिंतीवर टांगलेल्या, खणात पडलेल्या त्या कागदांकडे त्यांचे मालक नव्या नजरेने पाहू लागले.

अशा मालकाकडे जो खरेदीदार जातो, त्याची स्थिती मोठी नाजूक असते. लिलावात किंमत गर्दी ठरवते; इथे दोनच माणसे समोरासमोर आणि मध्ये एक कागद. कितीला देता, असे विचारणारा बहुधा रिकाम्या हाताने परततो. कारण मालकाला दोनच किमती ठाऊक असतात: वर्तमानपत्रात वाचलेला उच्चांक आणि अनमोल. आकडा खरेदीदारानेच आधी सांगावा, लेखी सांगावा आणि तो कसा काढला हेही सांगावे. पेन्सिलचा कागद आहे की शाईचा, की रंगाचे निळे प्रूफ? युद्धाआधीचा, एकट्या एर्जेच्या हातचा, की स्टुडिओच्या काळातला? त्यावर टिनटिन आहे का, की नुसती मोटार? कागद पिवळा पडला आहे का, घडी आहे का? त्याच जातीचे कागद मागे कितीला गेले? लिलावात घेणाऱ्याला हातोड्याच्या किमतीवर विसेक टक्के जादा मोजावे लागतात आणि विकणाऱ्यालाही काही द्यावे लागते. थेट व्यवहारात ही रक्कम दोघांत वाटता येते, हे उघड बोलावे. प्रस्ताव किती दिवस खुला आहे, पैसे कसे आणि केव्हा मिळतील, हे लिहावे. आणि मग उठून यावे. मालकाला घरच्यांशी बोलायला वेळ द्यावा.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे कागद घरात कसा आला ते विचारावे. एर्जेच्या हातची अर्पण-ओळ आहे का, एखादे पत्र आहे का? वारस किती, सगळ्यांची संमती आहे का? हे प्रश्न संशयाचे वाटतात, पण मालकाच्याच हिताचे असतात. उत्तर नसले तर उद्या दुसरा कोणी ते विचारणारच आहे. खरेदीदारालाही हे कळले पाहिजे की, त्याला मिळणार तो फक्त कागद. चित्र छापण्याचा हक्क वारसांकडेच राहतो. युरोपात तो मृत्यूनंतर सत्तर वर्षे चालतो, म्हणजे एर्जेच्या बाबतीत २०५३ अखेर. आपल्या कायद्यात ही मुदत साठ वर्षांची. शिवाय फ्रान्समध्ये व्यापारी किंवा लिलावगृहामार्फत असे चित्र पुन्हा विकले गेले, तर चित्रकाराच्या वारसांना किमतीतला छोटा हिस्सा मिळतो. तो चार टक्क्यांपासून उतरत जातो आणि साडेबारा हजार युरोंच्या वर जात नाही. दोन व्यक्तींच्या थेट व्यवहाराला तो लागू नाही.

आणि एक गोष्ट कोणत्याच कायद्यात लिहिलेली नाही. मालकाला आपल्याकडे काय आहे ते ठाऊक नसेल तर काय करायचे? सोने तारण ठेवायला येणाऱ्या बायका मी वर्षानुवर्षे पाहिल्या. पाटल्या सासूच्या, नथ आजीची. सराफ वजन सांगे, घट वजा करी आणि आठवणीचा एक पैसाही धरत नसे. ते योग्यच होते. पण वजन तो खरे सांगे, काटा तिच्या डोळ्यांसमोर धरी. तेवढ्यावर सगळा व्यवहार उभा असे. अडाणी मालकाकडून कागद मातीमोल भावाने काढून घेणारा खरेदीदार कायद्यात सापडणार नाही कदाचित. पण एर्जेने जो कागद मैत्रीत दिला, त्याची साखळी तो फसवणुकीने तोडतो. पुढे त्यालाही तो विकायचा असतोच. १९३२ च्या ‘टिनटिन इन अमेरिका’चे मूळ मुखपृष्ठ २००८ मध्ये ७ लाख ६४ हजार युरोंना गेले आणि चारच वर्षांनी तेरा लाखांना. दर वेळी तोच प्रश्न येतो: तुमच्याकडे हे आले कसे?

कागद काय करू शकतो याचा अनुभव खुद्द वारसांनाही आला. एर्जेच्या मागे फॅनी एकटी वारस. तिने पुढे दुसरे लग्न केले आणि तिचा पती निक रॉडवेल टिनटिनच्या हक्कांची कंपनी कडक हाताने चालवू लागला. नेदरलँड्समधल्या चाहत्यांच्या एका मंडळाने आपल्या पत्रिकेत टिनटिनच्या चौकटी छापल्या म्हणून कंपनी कोर्टात गेली. २०१५ मध्ये हेगच्या न्यायालयापुढे मंडळाने १९४२ चा एक दस्त ठेवला. त्यानुसार पुस्तकांच्या प्रकाशनाचे हक्क एर्जेने कास्टरमन या प्रकाशनसंस्थेला दिले होते. कंपनी तो दावा हरली. त्र्याहत्तर वर्षे जुना कागद, आणि त्याने शब्द पाळला.

शेवटच्या वर्षांत एर्जेला रक्ताच्या आजाराने ग्रासले होते. १८ मार्च १९८१ रोजी ब्रुसेल्सच्या विमानतळावर चांग उतरला. सेहेचाळीस वर्षांनी भेट. सांस्कृतिक क्रांतीचे दिवस सोसून आलेला शिल्पकार आणि थकलेला चित्रकार यांनी कॅमेऱ्यांच्या गर्दीत एकमेकांना मिठी मारली. ३ मार्च १९८३ रोजी एर्जे गेला. आपल्यानंतर टिनटिन कोणी काढू नये अशी त्याची इच्छा होती आणि ती पाळली गेली.

टेबलावर एक कथा अपुरी राहिली होती, ‘टिनटिन अँड आल्फ-आर्ट’. विषय बनावट चित्रांचा: नामवंत चित्रकारांच्या नकला करून श्रीमंतांना विकणारी टोळी. शेवटच्या पानांवर टोळीचा म्होरक्या टिनटिनला पकडतो. त्याच्यावर पातळ पॉलिएस्टर ओतून त्याचे शिल्प करायचे आणि एका प्रसिद्ध शिल्पकाराच्या नावाने विकायचे, असा बेत. टिनटिनला त्या कामासाठी घेऊन जातात आणि रेषा तिथेच थांबते. १९८६ मध्ये हे पेन्सिलचे कच्चे कागद जसेच्या तसे छापण्यात आले.

२००९ मध्ये ब्रुसेल्सजवळच्या लुव्हँ-ला-नव्ह इथे फॅनीच्या पैशांतून एर्जेचे संग्रहालय उभे राहिले. उरलेल्या अस्सल कागदांचा मोठा साठा तिथे, मंद प्रकाशात, काचेमागे. ते विकाऊ नाहीत. बाहेर फिरतात ते मात्र हात बदलत राहतील, किंमत वाढवत राहतील. ती किंमत कुठून आली हे विसरू नये. खाऊच्या पैशांतून पुस्तक घेणाऱ्या, वाचनालयाचा फाटका अंक पाळीने वाचणाऱ्या मुलांनी ती नव्वदहून अधिक वर्षे साठवली आहे. त्यांच्यापैकी कोणीही अस्सल कागद पाहिला नव्हता.